बिनदाराचं घर

समजा, तुम्ही आठ वर्षांचे आहात आणि तुमच्या आजीचा हात तुमच्या हातात आहे. तो थरथरतो आहे. भरल्या बाजारात मेथीच्या जुड्या विकताना जो कधी थरथरला नाही, तोच हात. आता वर्षालीला काय वाटत होतं, ते तुम्हाला कळेल.

तालुक्याच्या कचेरीत साहेबांच्या टेबलापुढे दोघी उभ्या होत्या. टेबलावर नोटिशीची प्रत होती. घरकुलाचं काम अपुरं असताना आजीला, म्हणजे माणिकबाईंना, शेवटचे दोन हप्ते जादा दिले गेले. ते परत करा, नाही तर वसुली होईल. वसुली म्हणजे काय, हे वर्षालीने शेजारच्या मैनाबाईला विचारलं होतं.

"टिनं काढून नेतेत, पोरी."

तेव्हापासून रस्त्यावर गाडी वाजली की ती आधी छपराकडे बघे.

साहेबांनी एक फोटो पुढे सरकवला. "घर तुमचंच ना, बाई? मंग दार कुठी हाये? नुसती भिंत दिसून राहिली."

भिंतच होती. रस्ता घराच्या दक्षिणेला होता.

"दक्षिणेले दार नाही ठेवत ना साहेब, आमी," आजी पुटपुटली. "दार बाजूले हाये, उगवतीले. फोटोवाल्यांले म्हटलं, इकून या. लय ऊन होतं. थे गाडीवरून उतरलेच नाही."

"मंग का भिंतीतून जाता घरात?"

बाकावर नंबराची वाट बघत बसलेले दोघे हसले. आजीसुद्धा थोडं हसली, भ्यालेली माणसं हसतात तसं.

"हे पाहा, हरकतीची आज शेवटची तारीख हाये," साहेब म्हणाले. "दार असन तं पुरावा दाखवा. नसन तं पैसे भरतो म्हणून अंगठा करा."

आजीजवळ पुरावा म्हणून नोटिशीचाच कागद होता, चार घड्या घातलेला. साहेबांनी शाईची डबी उघडली. आजीने वर्षालीचा हात सोडला आणि अंगठा पुढे केला.

वर्षालीला साहेबांची भीती वाटत होती. हसणाऱ्यांची वाटत होती. तरी ती टाचा उंचावून उभी राहिली. आजीच्या गळ्यातला काळा दोरा तिने ओढला, पोलक्यात दडलेली घराच्या दाराची किल्ली बाहेर काढली आणि फोटोतल्या त्या कोऱ्या भिंतीवर ठेवली.