तासाभराचा डाव

"मला जिंकायचं नाहीये, सर," नर्सबाई म्हणाल्या. "समोरच्याला तासभर पटावर अडकवून ठेवायचंय. मान वर करू द्यायची नाही."

सरांना गंमतच वाटली. त्यांच्याकडे सहा वर्षांच्या पोरीपासून निवृत्त न्यायाधीशांपर्यंत सगळे शिकायला येत, घोडा कसा चालतो हे ठाऊक नसलेलेसुद्धा. पण असली मागणी कुणी केली नव्हती.

"का हो? नवऱ्यावर सूड उगवायचाय का?"

"नवराच आहे, पण माझा नाही. ओळखीतल्या एका बाईचा." नर्सबाईंनी आवाज खाली आणला. "तिला घर सोडायचंय. तो क्षणभर नजरेआड होऊ देत नाही. निघताना सापडली, तर जीवच घेईल तिचा. पण बुद्धिबळाचं भारी वेड आहे त्याला."

"हलकट कुठला! असल्यांना उलटं टांगलं पाहिजे." सरांना मनापासून संताप आला.

नर्सबाई पटावर सोंगट्या मांडू लागल्या.

सरांच्या बायकोने चहा आणला आणि कपाचा आवाज न करता ठेवून ती आत गेली. आवाज सरांना खपत नसे, आणि ते तिला आताशा सांगावं लागत नसे.

सर नेहमी दाराकडे तोंड करून बसत. शिकवणीच्या वेळी दार उघडं ठेवावं लागे, तेव्हा कोण आलं-गेलं ते दिसलेलं बरं. एरवी कुलूप घातलं की काळजी मिटली. शिष्यांशी ते पटाकडे धड न बघताच खेळत, तरी एकेक जण पटापट गारद होई.

"हे बघा, वजीर मारलात तर तो चिडून उठेल," सर म्हणाले. "त्याला काहीतरी फुकट द्या. का दिलं, ते मात्र कळता कामा नये. मग घराला आग लागली तरी हलायचा नाही."

"तुम्ही अडकलात कधी?"

"एकदाच." सरांनी तो जुना डाव मांडून दाखवला. समोरच्याने उंट फुकट दिला होता. "याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. काय झोप उडवली होती मेल्याने!"

नर्सबाईंनी तो डाव घोटून घोटून पाठ केला.

"नक्की अडकेल ना, सर?"

"अहो, घाबरता काय? अडकेल. माझ्यावर सोडा."

एका दुपारी, बाकीचे शिष्य गेल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "आज माझी परीक्षा घ्या."

त्यांनी उंट दिला. पण त्याआधी एक प्यादं वेगळंच सरकवलं होतं. सरांची सगळी गणितं कोलमडली. ते पुढे वाकले, कपाळ हातात धरून बसले. समोरून कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. आलं असेल एखादं कार्टं, म्हणून त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी हत्तीकडून विचार केला, मग घोड्याकडून, मग पुन्हा पहिल्यापासून.

"सापडलं!" अखेर त्यांनी पटावर थाप मारली. "अगं ए, ऐकलंस का? सुटला एकदाचा!"

आतून ओ आली नाही. समोरची खुर्ची रिकामी होती. नर्सबाई चपला घालून दारात उभ्या होत्या.

"हाका मारू नका, सर," त्या म्हणाल्या. "तास केव्हाच होऊन गेला."