हातापायांची वीस बोटं

डोळे मिटा बघू. आता असं समजा, की तुम्ही तुर्भ्याच्या एका वस्तीत विजेच्या खांबाला तोंड लावून उभे आहात. तुमच्यावर राज्य आहे. वीसपर्यंत मोजायचं आणि लपलेल्यांना शोधायचं. सोपं आहे ना?

सुमरतीला सोपं नव्हतं. ती मेळघाटातून आलेली, घरी सगळे कोरकू बोलायचे. मराठी आकडे बारानंतर तिच्या तोंडातून निसटायचे. म्हणून महिनाभर ती खेळात कच्चं लिंबू होती. सापडली तरी आऊट नाही, आणि राज्य तर कधीच नाही.

"आज मला खरं राज्य पायजे," ती म्हणाली.

"वीस येतात काय तुला?" सनीने विचारलं.

"आमच्या बोलीत येतात."

"मोजू दे ना रे," संघमित्रा म्हणाली. "तुझं काय जातंय?"

सुमरतीने आधी चपला काढल्या. सगळे हसले. ती खांबाकडे वळली.

"मिया, बारिया, आफई, उफुन, मोनोई..."

हाताची दहा बोटं संपली, तशी तिने पायाची धरली. पुन्हा मियापासून.

टेम्पोमागे लपलेल्या सनीला अंदाजच येईना. संपलं, की अजून चालू आहे? त्याने डोकं बाहेर काढलं.

"सनी आऊट!"

"चीटिंग! कच्च्या लिंबाचं धरत नाय!"

"पूर्ण वीस मोजले तिने," संघमित्रा म्हणाली. "मी तिची बोटं बघत होते."

सनी टेम्पोमागून बाहेर आला. मग म्हणाला, "बरं. मी पण तसंच मोजणार. शिकव."

सुमरतीने दोनदा म्हणून दाखवलं. सनीने बूट काढले. मोज्याला भोक होतं.

"सन्या, तुझा अंगठा आधीच आऊट!" संघमित्रा ओरडली आणि लपायला पळाली.

"मिया, बारिया, आफई, उफुन, मोनोई, तुरुई..." सनी अडकला. "तुरुई... तुरुई..."

सुमरती पाण्याच्या पिंपामागे श्वास रोखून बसली होती. तिथे ती कुणालाच सापडली नसती.

"एई! सातला एई!" ती ओरडली.

सनी गर्रकन वळला. "पिंपामागे! सुमरती आऊट!"

"तिला सोडायचं ना?" संघमित्राने टेम्पोमागून विचारलं.

"का? ती काय कच्चं लिंबू हाय?"

सुमरतीने पिंपामागून उडी मारली. दोन्ही हात वर करून, "मी आऊट! मी आऊट!" असं घराघराला सांगत ती अनवाणीच अख्खी गल्ली पळत सुटली.