ह्यूस्टनहून येणारं विमान

कुंपणाच्या जाळीला पोट टेकवून हॉलिस टिडवेल आकाशाकडे बघत होता. हार्लन स्प्रिंग्जच्या इवल्याशा विमानतळावर सगळा गाव लोटला होता. कॉलेजचा बँड आला होता. चर्चमधल्या बायकांनी टेबलं मांडून कॉफी आणि अक्रोडासारख्या पेकानची गोड पेस्ट्री आणली होती. डिसेंबरचा वारा अंगाला झोंबत होता, पण कुणाला त्याची पर्वा नव्हती.

"मिसिसिपी ओलांडली रे!" मोबाईलच्या नकाशावर नजर खिळवून त्याचा मित्र लोनी ओरडला. "ड्युप्रीसाहेबांचंच विमान. शेपटीवरचा नंबर जुळतोय."

कोंबड्यांच्या धंद्यात गबर झालेल्या ड्युप्रीच्या पैशांवर कॉलेजचं फुटबॉल चालायचं. कोच बदलायची वेळ आली की त्याचं विमान ज्या गावाला जाऊन येई, तिथला कोच आपल्याला मिळणार, हे लोक समजून चालत. ह्यूस्टन म्हटलं की इतरांना तिथली कॅन्सरची मोठी इस्पितळं आठवत, पण या गावाला आठवला तिथला कोच ब्रॅनिगन. दोन वर्षं त्याला कुणी हरवलं नव्हतं. कॉलेजने काही जाहीर केलं नव्हतं, पण गावाला जाहीर करायची गरज होती कुठे?

"जरा पुढे जाऊ द्याल का?" मागून एक बाई म्हणाली. पस्तिशीची असेल. गडद कोट, डोळे तांबारलेले.

"पुढे सगळ्यांनाच जायचंय, ताई," हॉलिस म्हणाला. तरी अंग चोरून त्याने तिला जाळीपाशी जागा करून दिली. "पेपरवाल्या का तुम्ही?"

"नाही. त्या विमानासाठी आलेय. रात्रभर गाडी चालवत."

"ऐकलंस का, लोनी? याला म्हणतात निष्ठा! तू दोन गल्ल्या ओलांडून आलास, तर दहा वेळा गुडघे दुखतात म्हणालास."

त्याने तिच्या हातात एक कागदी झेंडा दिला. तिने तो घेतला, पण हलवला नाही.

"आधीचे कोच कसे होते?" तिने विचारलं.

हॉलिसला त्यांचे गुरुवार आठवले. वेंडल ग्रीअर सहा वर्षं दर गुरुवारी त्याच्या टायरच्या दुकानात यायचे. आडव्या टायरवर बसून उकडलेल्या शेंगा खायचे, आणि फुटबॉल सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलायचे.

"माणूस सोन्यासारखा," तो म्हणाला. "पण यंदा सात सामने हरलो. शेवटी शेवटी तर सामना चालू असताना नुसते बाकावर बसून असायचे. आम्ही ओरडायचो, अहो, एवढा पगार घेता, निदान उभे तरी राहा!"

"आणि वर चार वर्षांचा करार शिल्लक," लोनीने तोंड घातलं. "हाकलायचे एक कोटी वीस लाख डॉलर द्यायचे ठरले. मला हाकला ना कुणीतरी! मी अर्ध्यात जातो."

आजूबाजूचे हसले.

"फ्लोरिडाच्या वाळूत लोळत असेल आता म्हातारा. इथं कशाला तोंड दाखवतोय?" लोनी म्हणाला.

"त्यांना हे गाव आवडायचं, असं ऐकलंय," बाई म्हणाली.

लोनी कॉफी आणायला गेला. हॉलिसने जाळीत बोटं अडकवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्यांच्या अंगणात कुणीतरी पाटी रोवली होती. 'घर विकणे आहे.' काढून टाकायच्या आधीच. त्यांना टोचावं म्हणून."

"कुणी?"

"मी. सकाळी सकाळी. ते सपाता घालून बाहेर आले. मला वाटलं, आता बंदूक काढतात. तर म्हणाले, 'हॉलिस, तिरकी लागलीये रे.' आणि स्वतःच्या हाताने सरळ केली."

बाईने हातातला कागदी झेंडा गुंडाळला.

"मग दोनदा फोन केला. उचलला नाही. बरोबरच आहे, एवढ्या पैशात लोळणारा माणूस टायरवाल्याचा फोन कशाला उचलेल?"

"उचलता आला नसेल," ती म्हणाली. "काय सांगणार होतात?"

"चुकलो, एवढंच." हॉलिसने टोपी काढून पुन्हा घातली. "आणि फोनवर नकोच ते. हा नवा माणूस एकदा स्थिरस्थावर झाला की गाडी काढतो आणि शेंगा घेऊन जातो. समोरासमोर बोलतो. आधी चार शिव्या घालतील, मग हसतील. मला माहितीये त्यांचा स्वभाव."

तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. ती काहीतरी बोलणार, तोच गलका उठला. झाडांच्या वरून विमान खाली येत होतं.

चाकं टेकली तशी ताशे कडाडले. काळ्या काचांची एक काळी गाडी संथपणे विमानाला जाऊन भिडली. "थाट बघ!" कॉफी सांडत परत आलेला लोनी म्हणाला. "पाय जमिनीला लागू देत नाहीत!"

दार उघडलं. ड्युप्री उतरला, हॅट हातात धरून. "ब्रॅनिगन! ब्रॅनिगन!" गर्दी गर्जली. ड्युप्रीने दोन्ही हात वर केले. बँडला वाटलं, तो अभिवादन करतोय. विजयगीत आणखी चढलं. तो हात खाली दाबत राहिला, पण गर्दीला थांबायचंच नव्हतं.

त्याच्या मागून कुणी उतरलं नाही. मागच्या बाजूचं मोठं दार उघडलं आणि काळ्या गाडीतली चार माणसं तिकडे गेली.

"आधी सामान उतरवतायत," लोनी म्हणाला. "केवढं आणलंय पठ्ठ्याने!"

चौघांनी एक लांब पेटी अलगद बाहेर घेतली. त्यांच्या हातात ती फार जड दिसत नव्हती. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टोपी काढली. मग त्याच्या शेजाऱ्याने. एक ताशा थांबला, दुसरा थांबला. मागचे तुतारीवाले मात्र अजून वाजवतच होते.

बाईने हॉलिसच्या बाहीला हलकेच धरलं.

"समोरासमोर बोलायचं होतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "चला. बाबा आलेत."