कानात सांगणारा

पडद्यावर अमृतचा गडी आडवा झाला, तरी अमृतचा अंगठा मोबाईलवर फिरतच होता. मेलेल्या बैलाला पराणी टोचत राहावं तसा.

मंडपात चिडीचूप. बेलापूरच्या सप्त्याचं काल्याचं कीर्तन कालच झालेलं, मंडप अजून उतरायचा होता. तेवढ्यात तरुण मंडळानं तिथंच बंदुकीच्या गेमची स्पर्धा उरकून घेतली होती. ज्या मोठ्या पडद्यावर काल महाराजांचं हसरं तोंड दिसलं, त्याच पडद्यावर आज मंडळाचा अध्यक्ष पालथा पडला होता. आणि त्याला पाडलं होतं चांगुणानं. दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी दुधाचं फॅट बघणाऱ्या, दोन लेकरांच्या आईनं.

सकाळी ती नाव द्यायला आली, तेव्हा अमृतनं वहीतून मान वर न काढताच विचारलं होतं, "पोराचं नाव काय?"

"पोराचं न्हाई, माझं लिव्हा. मीच खेळनार हाय."

मग काय, टवाळांना उधाण आलं. "वहिनी, ह्यो रंगीत गोळ्या फोडायचा गेम न्हाई बरं का!" "बांगड्या काढून खेळा, रेंज अडंल!" अमृत तर व्यासपीठावर चढला आणि माईकवरून गरजला, "बाईच्या हातून मेलो, तर ह्याच मंडपात मिशी उतरवीन!" मिशी चांगली होती. दोन वर्षं तेल पाजून वाढवलेली. अमृतच्या नावावर कर्तबगारी म्हणावी अशी तेवढीच.

पहिल्या फेरीत चांगुणा जिंकली, तेव्हा समोरच्याची रेंज गेली होती. दुसऱ्या फेरीत समोरच्याचा मोबाईल तापला होता. तिसऱ्या फेरीतल्या पोरानं तर सांगितलं, "बाईमानूस म्हनून सोडलं." त्यावर दहा जणांनी माना डोलावल्या. कीर्तनात अर्थ न कळता शेजाऱ्याकडे बघून डोलणारे असतात ना, त्यांतलेच हे.

आता ही शेवटची फेरी. अमृतचा मोबाईल नवा, रेंज भरपूर. सगळी कारणं आधीच्यांनी वापरून संपवलेली. त्याचा हात आपोआप मिशीकडे गेला. आणि तेवढ्यात त्याची नजर रंगनाथवर पडली.

रंगनाथ म्हणजे चांगुणाचा नवरा. महिन्यापूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडला, दोन्ही हात प्लास्टरात. घोटभर पाणी प्यायचं तरी बायको लागायची, म्हणून ती त्याला सोबतच घेऊन आली होती. सकाळपासून तो तिच्या मागं खुर्चीवर बसून होता.

अमृत ताडकन उठला.

"शलमोन सर, डाव बाद करा! वहिनी खेळल्याच न्हाईत. खेळला रंगनाथभाऊ. तो कानात सांगतो, ह्या नुस्ती बोटं दाबत्यात!"

मंडपात पुन्हा जीव आला. व्हय की! रंगनाथ तिच्या कानाशी लागताना सगळ्यांनीच पाहिलं होतं. "तरीच म्हनलं!" असं जो तो म्हणू लागला. ज्या रंगनाथच्या हातात गावानं कधी बटणांच्या मोबाईलपलीकडे काही पाहिलं नव्हतं, तो एका क्षणात मोठा सेनापती झाला. देवापुढं बाई नाही की बापई नाही, असं महाराज कालच इथं सांगून गेले होते. तेव्हा याच मंडळींनी टाळ फुटेस्तोवर वाजवले होते. आज त्यांना हात नसलेला पुरुष जिंकलेला चालत होता, हात असलेली बाई चालत नव्हती.

नियम साफ होता. बाहेरून कुणी सांगितलं, तर डाव बाद. मग चांगुणाची बक्षिसाची ढाल जाणार, संगमनेरच्या मोठ्या स्पर्धेतली जागा जाणार, आणि उद्यापासून केंद्रावर दूध घालायला येणारा प्रत्येक जण तिला 'नवऱ्याची बोटं' म्हणणार.

"पुरावा हाय माझ्याकडं," अमृतला आता चांगलाच चेव चढला. "शेवटचं आठवा. भिताडापाशी आमी समोरासमोर आलो, आन् ह्यांचा गडी भर मोकळ्यात थबकला. का थबकला? भाऊच्या हुकमाची वाट बघत हुत्या! म्हनून तर मी बेधडक घुसलो. तेवढ्यात भाऊनं सांगितलं, आन् ह्यांनी गोळी झाडली."

गडी थबकला होता, हे खरंच. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या घटकेला पडदा सोडून दुसरीकडे बघणारा मंडपात एकही नव्हता.

पंच होते शलमोन सर. शाळेत गणित शिकवायचे, पायरी दाखवल्याशिवाय उत्तराला गुण द्यायचे नाहीत. ते चांगुणाजवळ आले.

"चांगुणाताई, त्या वेळी रंगनाथ तुमच्या कानात काही बोलले?"

"बोलले."

टाळ्या, शिट्ट्या. अमृतनं मिशीला पीळ भरला.

"काय बोलले?"

"त्यांनाच इचारा, सर. मी सांगून कोन खरं मानतंय हितं?"

सरांनी माईक रंगनाथच्या तोंडाशी धरला. बिचारा लाजून चूर झाला. त्यानं आधी बायकोकडे पाहिलं. मग अमृतकडे.

"मला ह्यातलं काय बी कळत न्हाई, सर," तो म्हणाला. "नाक लई खाजत हुतं. हिला म्हनलं, जरा खाजव. तर हिनं एका हातानं माझं नाक खाजवलं, आन् दुसऱ्या हातानं ह्याला मारलं."