पहिला वाटा

एटापल्लीजवळच्या शाळेत माधवीबाई नववीला इंग्रजी शिकवत होत्या. फळ्यावर त्यांनी दोन अर्धी वाक्यं लिहिली. ‘दोज हू कॅन कम टू द रिव्हर’, म्हणजे जे नदीवर येऊ शकतील ते. आणि ‘दोज हू कॅनॉट कम’, म्हणजे जे येऊ शकणार नाहीत ते. पुढचं मुलांनी जोडायचं होतं.

सुकरी उठली आणि न अडखळता इंग्रजीत म्हणाली, “जे येऊ शकतील ते मासे धरतील. जे येऊ शकणार नाहीत त्यांना आधी मिळतील.”

“इंग्रजी चोख आहे गं, पण अर्थ उलटा केलास. जो येणारच नाही त्याला कसे मिळतील?”

“बरोबरच हाय, बाई.”

भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेल्या बाईंना हा पोरीचा आगाऊपणा वाटला. वर्गात कुणी हसलं कसं नाही, याचंही नवल वाटलं.

रविवारी सगळं गाव मासे धरायला नदीवर गेलं. बोलावणं बाईंनाही होतं, पण अंगात ताप भरला आणि त्या खोलीतच पडून राहिल्या. दुपारी दार वाजलं. दारात सुकरी उभी होती, केसांतून पाणी निथळत होतं आणि हातात पळसाच्या पानांचा द्रोण माशांनी गच्च भरलेला.

“अगं, एवढे? तुमच्याकडे उरले का?”

“वाटप अजून सुरूच नाई झालं, बाई. सारे नदीवर बसून हायेत,” सुकरी म्हणाली. “तुमी येऊ शकल्या नाई न, मंग पयले तुमचं.”