साठीची फुगडी

"सिंधूकाकी, राग मानू नका, पण गणेशचवथीच्या स्पर्धेत फुगडी मध्येच न थांबता घालावी लागते. तुम्ही सगळ्या साठीच्या. दम पुरायचा नाही," स्पर्धेचा आयोजक सुधीर म्हणाला.

"मग आत्ताच घालून दाखवतो की!"

सर्वण गावच्या त्या आठ बायकांनी पंचायतीच्या नव्या बंदिस्त सभागृहात पदर खोचले. सुधीर दार ओढून घेऊन बाहेर मोबाईल बघत बसला.

फुगडी रंगली आणि छताजवळचे पंखे घोंघावू लागले. सुधीर दचकला. हे ताजी हवा आत घेणारे पंखे बटणावर चालत नसत. माणसांच्या श्वासाने खोलीत कार्बन डायऑक्साइड किती वाढला ते मोजून एक यंत्रच त्यांचा वेग ठरवायचं. चाळीस माणसांनी सभागृह भरलं तरच ते पूर्ण वेगाने फिरतील, असं यंत्र बसवणाऱ्या इंजिनिअर प्रतीक्षाने सांगितलं होतं. सुधीरने तिलाच फोन लावला.

"मॅडम, यंत्र बिघडलं. आत आठच बायका आहेत आणि पंखे फुल सुटलेत!"

"बायका करतात काय?"

"फुगडी घालतात."

"मग यंत्राला काही झालेलं नाही. त्या आठजणी चाळीस जणांचा श्वास घेतायत."

सुधीरने हळूच दार उघडलं. घामाने निथळलेल्या सिंधूकाकी केसांत आबोलीचा वळेसर पुन्हा घट्ट खोवत होत्या.

"पंखे असेच राहू दे रे पुता," त्या म्हणाल्या. "ही नुसती अंग मोकळं करायला घातली. फुगडी आता घालतो."