मागच्या भिंतीवरचा काश्पारेक

कठपुतळ्यांच्या घराण्यात माणूस गेला की त्याची आवडती बाहुली शवपेटीत ठेवतात आणि तिच्या हाताची दोरी त्याच्या बोटाला बांधतात. नवरा ओताकार गेला, तेव्हा द्राहोमीराने त्याच्या लाडक्या विदूषक बाहुलीची, एककान्या काश्पारेकची, गाठ स्वतः मारली. शनिवारी त्याला पुरलं.

रविवारी दुपारी सून यार्मिला तिला मोबाइलवर लोकांची मतं वाचून दाखवत होती. घरच्याच बाहुल्या नेऊन काढलेल्या भुताच्या स्वस्त सिनेमाचा दुसरा भाग नुकताच आला होता.

“‘दोऱ्या दिसतात. पहिला भाग बरा होता.’”

“याच्या बापाने तरी कधी बाहुली नाचवली होती का? पुढचं वाच.”

“हे काल रात्रीचं. ‘मागच्या भिंतीवरचा एका कानाचा विदूषक सगळा वेळ हाताने फळी ठोकतो. कशासाठी?’”

“खोटारडा मेला! त्याला नुसतं टांगलं होतं. शूटिंगला मी समोर होते.”

“सगळे तेच लिहितायत, आई. ‘त्या ठोकण्याने झोप उडाली.’ आणि हे सकाळचं, ‘पुन्हा पाहिला. आज तो फार हळू ठोकत होता.’”

द्राहोमीराच्या हातातला खसखशीचा गोड पाव खाली पडला.

“फावडं आण.”

“आई, अहो, डॉक्टरांनी तपासलं होतं...”

“फावडं आण म्हणते ना, सटवे!”

यार्मिला उठली. तेवढ्यात मोबाइल वाजला आणि तिने सवयीने वाचलं.

“‘आत्ताच पाहिला. लोक उगाच ओरडतात. तो विदूषक तर जराही हलत नाही.’”